ज्या लिनक्समुळे फोन कमी येतात

प्रश्न असा आला आहे: "लिनक्सच्या शेकडो डिस्ट्रो फुकट मिळतात. पण घरात, दुकानात, शिक्षकांच्या लॅपटॉपवर पाहावं तर उबंटू नाहीतर मिंट. फुकट तर सगळ्याच आहेत, मग सामान्य माणसांत एखादीच का रुजते? आणि वरून आदेश काढून लिनक्स रुजतं का?"

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, आणि तिचे वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेले तयार संच म्हणजे डिस्ट्रो. उबंटू आणि मिंट त्यातलेच दोन. कराडात २००३ पासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. उत्तर त्या काउंटरमागून देतोय, प्रोग्रॅमर म्हणून नाही. मी लिनक्स टाकून दिलेली मशीन काही ना काही कारणाने फिरून माझ्याकडेच येतात. त्यामुळे कुठली डिस्ट्रो टिकली आणि कुठली आठवड्यात पुसून परत विंडोज टाकावं लागलं, याचा हिशेब आपोआप राहतो.

आधी 'फुकट' हा मुद्दा बाजूला काढू. आपल्याकडे विंडोजही फुकटच होतं. असेंबल्ड पीसी घेतला की त्यात विंडोज एक्सपी, ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फॉन्टचं गाठोडं 'टाकून' मिळायचं. त्याचे वेगळे पैसे पडतात हेच कितीतरी गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. अशा बाजारात "हे बघा, हे फुकट आहे" म्हणत लिनक्स पुढे करणं म्हणजे प्रीतिसंगमावर उभं राहून पाणी वाटणं. लोक नम्रपणे 'नको' म्हणायचे.

फुकटपणाचा फायदा झाला, पण तो गिऱ्हाइकाला नव्हे, माझ्यासारख्याला. एक पेनड्राइव्ह बनवला की तो शंभर मशीनना चालतो. लायसन्सची की शोधायची नाही, ती चुकवणारा क्रॅक शोधायचा नाही, क्रॅकबरोबर येणारा व्हायरस नंतर काढत बसायचं नाही, आणि कुणी विचारलं तर मान खाली घालायची नाही. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मला या सगळ्या प्रकरणाचं उत्तर सापडलं असं वाटतं. ते असं: सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडतच नाही. त्याच्यासाठी ती दुसरा कुणीतरी निवडतो. दुकानदार, भाचा, ऑफिसात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' म्हणून ज्याला सगळे हाका मारतात तो. आणि निवडणारा मनातल्या मनात एकच गणित करतो, की ही टाकून दिल्यावर मला फोन किती येतील?

ज्या डिस्ट्रोने ते फोन कमी केले ती पसरली. बाकीच्या तांत्रिकदृष्ट्या कितीही सरस असोत, त्या हौशी लोकांच्याच मशीनवर राहिल्या.

जुने दिवस आठवा. लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहायला घेतला १९९१ मध्ये, रिचर्ड स्टॉलमनचा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प त्याच्याही आधीचा, १९८३ चा. डेबियन ही जुनी डिस्ट्रो १९९३ ची. म्हणजे २००० साल उजाडलं तेव्हा लिनक्स काही बाळ नव्हतं, सर्व्हरवर चांगलं कमावत होतं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या आम्ही जपून ठेवायचो. पण ती सीडी घालून इन्स्टॉल करायला बसलं की पहिला प्रश्न पार्टिशनचा, म्हणजे हार्ड डिस्कचे भाग पाडण्याचा. तिथे चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले. ते पार पडलं की मॉनिटरचा रिफ्रेश रेट विचारायचा. तो कुणाला माहीत असतो? आणि सगळ्यात वर मोडेम. स्वस्त मशीनमधला डायलअप मोडेम 'विनमोडेम' असायचा, म्हणजे अर्धं काम हार्डवेअरने आणि अर्धं विंडोजमधल्या ड्रायव्हरने करायचं. लिनक्समध्ये तो मुका. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, आणि नेट त्या मोडेमशिवाय नाही. मी त्या काळात चार मशीनवर लिनक्स टाकलं आणि चारही परत फिरवली.

मग ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू आलं, ४.१० या क्रमांकाने. म्हणजे २००४ चा दहावा महिना. त्यांचे क्रमांक असेच असतात. मागे होता मार्क शटलवर्थ. दक्षिण आफ्रिकेचा हा माणूस आपली थॉट ही कंपनी १९९९ मध्ये व्हेरिसाइनला विकून गबर झाला आणि २००२ मध्ये पदरचे पैसे भरून अंतराळात जाऊन आला. अशा माणसाने काढलेल्या गोष्टीवर सुरुवातीला माझा विश्वास बसला नव्हता, श्रीमंताची हौस वाटली होती. पण त्याने दोन गोष्टी अशा केल्या ज्या त्याआधी एवढ्या चिकाटीने कुणी केल्या नव्हत्या.

पहिली, दर सहा महिन्यांनी, सहसा एप्रिल आणि ऑक्टोबरला, नवी आवृत्ती. डेबियनची एक स्थिर आवृत्ती २००२ ला आली तर पुढची थेट २००५ ला. तोवर बाजारात नवं हार्डवेअर येऊन जुनंही व्हायचं. उबंटू त्याच डेबियनवर उभं, पण ताजं. पुढे २००६ च्या ६.०६ पासून त्यांनी एलटीएस सुरू केलं, म्हणजे काही आवृत्त्यांना बरीच वर्षं अपडेट. आजच्या एलटीएसला ती पाच वर्षं मिळतात. माझ्यासारख्यासाठी एलटीएस हा शब्द सोन्याचा आहे. एकदा टाकलं की गिऱ्हाईक पाच वर्षं त्याच मांडणीत राहणार.

दुसरी गोष्ट सीडीची. 'शिपइट' नावाची योजना होती. पत्ता भरा, सीडी घरपोच, टपालखर्चसुद्धा त्यांचा. २०११ पर्यंत ती चालली. आज हे गमतीचं वाटेल, पण तेव्हा ७०० एमबीची फाइल उतरवणं म्हणजे एक मोहीम असायची. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडच्या एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत. गजर लावून उठायचो, डाउनलोड चालू करून परत झोपायचो. आणि इकडे पोस्टमन सुबक छापील पाकिटात सीडी आणून देतोय! ती गिऱ्हाइकाच्या हातात दिली की त्याला ती 'खरी' वाटायची. मार्करने नाव लिहिलेल्या सीडीपेक्षा छापील पाकिटाचा भरवसा जास्त. लोकप्रियतेच्या चर्चेत हे कुणी धरत नाही, पण मी त्या पाकिटाला बरंच श्रेय देतो.

६.०६ पासून तीच सीडी लाइव्हही होती. म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता मशीन तिच्यावरच चालू होई. लाइव्ह सीडीची कल्पना त्यांची नव्हे, क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाच्या 'नॉपिक्स'ने ती आधीच गाजवली होती. पण आता चालवून बघा, आवडलं तर डेस्कटॉपवरच्या चिन्हावर टिचकी मारून तिथूनच इन्स्टॉल करा, असं झालं. गिऱ्हाइकासमोर मी इन्स्टॉल करण्याआधीच आवाज, वायफाय, प्रिंटर तपासू लागलो. जे चालत नाही ते आधीच कळलं, तर नंतरचा फोन वाचतो.

तरी उबंटूमुळे येणारे फोन होतेच. त्यातले नव्वद टक्के एकाच गोष्टीचे: "दादा, गाणी वाजत नाहीत." एमपीथ्रीवर तेव्हा पेटंट होतं, ते २०१७ मध्ये संपलं. व्हिडिओच्या कोडेकचंही, म्हणजे फाइल उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचंही, तसंच त्रांगडं. उबंटू कायद्याच्या बाजूने सावध राहून ते सोबत देत नसे, वेगळं उतरवून घ्यावं लागे. दोन मिनिटांचं काम, पण नेट असलं तर. आणि आपल्याकडे २००७-०८ साली नेट नसलेलं मशीनच जास्त. माणूस घरी जातो, पोरगं एखादं गाणं लावायला जातं, खिडकी उघडते आणि वाजत काहीच नाही. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने सगळं लिनक्स बिघडलेलं असतं.

मिंट नेमकं इथे शिरलं. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र नावाच्या फ्रेंच माणसाने, आयर्लंडमध्ये राहत असताना, उबंटूचाच पाया घेऊन ते काढलं. पहिल्याच काही आवृत्त्यांपासून कोडेक, फ्लॅश, जावा सगळं आतच. टाकलं की गाणं वाजतं, सिनेमा चालतो. पुढे २०१६ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून त्यांनी ते आत ठेवणं बंद करून इन्स्टॉल करताना एक खूण करायची सोय ठेवली, पण तोवर नाव झालं होतं. शुद्धतावादी मंडळी तेव्हा नाकं मुरडत होती, की बंदिस्त गोष्टी मोफत प्रणालीत कशाला मिसळता? तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर होतं. पण त्यांच्याकडे आजोबांचा फोन येत नव्हता, माझ्याकडे येत होता.

(जाता जाता: मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. इंग्रजी वर्णक्रमाने, शेवटी 'आ' येणारी. पहिली एडा, पुढे माया, सारा, तारा, वनेसा, विल्मा. 'तारा' आली तेव्हा एका गिऱ्हाइकाने पडद्यावरचं नाव वाचून "तुमच्या मिसेसचं का?" असं विचारलं होतं.)

पण मिंटला खरी चाल मिळाली ती २०११ मध्ये, आणि ती त्याने काही नवं केलं म्हणून नव्हे. बाकीच्यांनी केलं म्हणून. उबंटूने २०१० च्या १०.०४ मध्येच खिडकी बंद-लहान-मोठी करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली होती. एप्रिल २०११ च्या ११.०४ मध्ये युनिटी नावाची नवी मांडणी आली, म्हणजे खालची पट्टी गेली, मेनू गेला, डाव्या काठाला मोठ्या चिन्हांची रांग आली. त्याच महिन्यात लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती, ग्नोम ३, आली, त्यातही जुनी मांडणी मोडलेली. पुढच्या वर्षी तर खुद्द विंडोज ८ ने स्टार्ट मेनू काढून टाकला. दीड-दोन वर्षांत जगातल्या सगळ्या मोठ्या मंडळींनी एकाच वेळी ठरवलं, की डेस्कटॉप म्हणजे टॅबलेट आहे.

यातलं काहीही वाईट होतं असं मी म्हणत नाही. युनिटीत मी स्वतः सवयीने छान काम केलं, आणि १७.१० ला उबंटूने ती सोडली तेव्हा मला थोडं वाईटही वाटलं. मुद्दा सवयीचा आहे. पन्नाशीतल्या बँक कर्मचाऱ्याला कॉम्प्युटर येत नसतो, त्याला डाव्या खालच्या कोपऱ्यातलं बटण येत असतं. तिथून वर, तिथून उजवीकडे, तिसरी ओळ. हाताला पाठ झालेली वाट. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुणी हलवला तर आमटी करणारी बाई चिडते. नवी जागा जास्त सोयीची आहे हे तिला पटवून काय उपयोग?

मिंटने डबा हलवला नाही. अर्जेंटिनातल्या एका माणसाने ग्नोम २ ची जुनी मांडणी 'माटे' या नावाने जिवंत ठेवली होती, तिला मिंटने आसरा दिला. आणि ग्नोम ३ च्या आतल्या नव्या यंत्रावर जुन्याच चेहऱ्याचं 'सिनॅमन' स्वतः बांधलं. २०१२ च्या मायापासून दोन्ही मिळू लागले. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरणाऱ्याला समोर बसवलं की तो काही न विचारता मेनूवर टिचकी मारतो. मी कित्येकदा मुद्दाम गप्प बसून पाहिलं आहे.

त्यानंतर तारखा मिंटच्या बाजूने पडत गेल्या. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि पुढच्याच महिन्यात मिंट १७ आलं. त्यांनी तेव्हाच ठरवलं, की इथून पुढे पाया फक्त एलटीएसचा, दर सहा महिन्यांच्या धावपळीत पडायचं नाही. दुकानात तेव्हा एक जीबी, दोन जीबी रॅमची मशीन रांगेने यायची. विंडोज ७ त्यांवर रडतखडत चालायचं. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालायची. पुढे १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ संपलं, दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि घरोघरी पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी कपाटावरची, माळ्यावरची मशीन खाली उतरली. त्या वर्षी मी जितक्या मशीनवर मिंट टाकलं तितकं आधीच्या तीन वर्षांत मिळून टाकलं नसेल. आणि आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम असलेले धडधाकट लॅपटॉप नुसत्या एका नियमाने बाद ठरले. म्हणजे लोक लिनक्सकडे ओढले गेले त्याहून जास्त तिकडे ढकलले गेले, हे कबूल करायला हवं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. "लिनक्स टाकल्यावर मशीन विमानासारखं चालतं" असं जे लोक म्हणतात, त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कचं, असतं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की विंडोजसुद्धा पळतं. आम्ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करतो आणि गिऱ्हाईक कौतुक मिंटचं करतं. मी त्याचा गैरसमज दूर करत बसत नाही.

आणखी एक कारण, माझ्या मते सगळ्यात मोठं, कुठल्याही डिस्ट्रोच्या हातातलं नव्हतंच. कॉम्प्युटरवरची कामं ब्राउझरमध्ये गेली. २००५ साली माणसाला दहा प्रोग्रॅम लागायचे. आज सातबारा काढायचा, विजेचं बिल भरायचं, मेल पाहायची, यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं, व्हॉट्सॲप पडद्यावर घ्यायचं, सगळं एकाच खिडकीत. ब्राउझर तोच, क्रोम नाहीतर फायरफॉक्स, मग खाली काय आहे याने काय फरक पडतो? शिवाय अडचणीची कामं, म्हणजे पैसे पाठवणं, ओटीपी, केवायसी, फोनने उचलली. त्या फोनवरच्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, पण ते ऐकून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. सांगणं मी सोडून दिलं आहे.

आता मराठीचं. याबद्दल स्वतंत्र लिहावं इतकं आहे. लिनक्समध्ये देवनागरी सुरुवातीपासून ठीक दिसत होती असं नाही. कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममध्ये 'कुऱ्हाड' तुटायची, 'सुऱ्या'तला र भलतीकडे जाऊन बसायचा. हळूहळू ते निस्तरलं, आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचा हात मोठा आहे. 'लोहित' फॉन्टवर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं काम केलं. आज मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायला दोन टिचक्या लागतात. ज्यांना 'मराठी' असं रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी हवं, त्यांच्यासाठी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमसोबत त्याची एम१७एन ही जोड घालायची. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतून आहेत, फुकट. मी अनेकांना तेच लावून देतो आणि तेवढ्या वेळात दुसरं मशीन उघडतो.

पण मराठीचा एक फोन अजून थांबलेला नाही. शाळेतल्या मॅडम विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेला अर्ज आणतात. एका पानाचा. मिंटमध्ये लिबरऑफिसने, म्हणजे तिथल्या ऑफिसने, उघडला की मंगल नसल्याने दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते, आणि 'आपली विश्वासू' एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन पडते. तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडलेलं नाही. पण मॅडमच्या दृष्टीने कॉम्प्युटरने अर्ज बिघडवला. यावर उपाय सोपा आहे, नवे कागद नोटो किंवा लोहितमध्येच करायचे आणि दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करायचं. तो उपाय आधी सांगून ठेवला तर फोन येत नाही, विसरलो तर हमखास येतो, आणि तोही साडेदहाला शाळा भरताना.

काही लोकांना मी मिंट सुचवतच नाही, आणि डिस्ट्रोचं नाव राखण्यासाठी हेही तितकंच गरजेचं आहे असं मला वाटतं. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं तो. टॅली विंडोजसाठी बनतं. लिनक्सवर कसरत करून चालवता येईलही, पण मार्चअखेरीला ती कसरत कोण निस्तरणार? डिजिटल सहीचा डोंगल रोज लावणारे कंत्राटदार आणि सीए. लग्नपत्रिका छापणारे. त्यांचं आयुष्य कोरलड्रॉ आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर उभं आहे, श्रीलिपीसारख्या. वीस वर्षांचा साठा त्या फॉन्टमध्ये, तो कोण बदलणार? आणि काही प्रिंटर. एचपीच्या बहुतेक मॉडेलना लिनक्सचा आधार कंपनीच देते, ते लावले की चालतात. पण आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा एका कंपनीचा छोटा लेझर प्रिंटर आहे, त्याने माझ्या आयुष्यातले किती तास खाल्ले ते विचारू नका. हल्ली इन्स्टॉल करण्याआधी पहिला प्रश्न मी तोच विचारतो: "प्रिंटर कुठला आहे?" प्रोसेसर नंतर.

चुकीच्या माणसाला लिनक्स दिलं की तो दहा जणांना सांगतो, "काही खरं नाही त्याचं." योग्य माणसाला दिलं तर तो कुणालाच काही सांगत नाही, कारण त्याला ते लिनक्स आहे हे लक्षातही राहत नाही. त्यामुळे लोकप्रियतेचे आकडे फसवे असतात. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाची क्रमवारी दाखवून वाद घालणारे बघितले की मला हसू येतं. त्यात मिंट कितीतरी वर्षं पहिलं होतं, पुढे एमएक्स लिनक्स वर गेलं. पण ती क्रमवारी त्या त्या डिस्ट्रोच्या पानावर किती जणांनी टिचकी मारली याची आहे, किती जण वापरतात याची नव्हे. माझ्या गिऱ्हाइकांतल्या एकानेही ते पान उघडलेलं नाही. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभरातल्या डेस्कटॉपवर लिनक्स पहिल्यांदा चार टक्क्यांच्या वर गेलं, ती मोजणी निदान वापरणाऱ्यांची तरी आहे.

अपडेटबद्दल मिंटवर एक रास्त टीका झाली, तीही सांगतो. पूर्वी त्यांचा अपडेट मॅनेजर प्रत्येक अपडेटला एक ते पाच असे धोक्याचे क्रमांक द्यायचा, आणि वरच्या क्रमांकाचे सहसा समोर आणायचाच नाही. हेतू असा, की अपडेटने मशीन बंद पडू नये. पण त्यात कर्नलच्या सुरक्षेची अपडेटही मागे राहायची. टीका करणारे बरोबर होते. मिंटने शेवटी वेगळी वाट काढली: २०१७ च्या १८.३ पासून टाइमशिफ्ट सोबत दिलं. ते ठरल्या वेळी प्रणालीची प्रत काढून ठेवतं, बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतं. मग १९ पासून सगळी अपडेट करायला सांगू लागले. ही माझ्या धंद्यातली सगळ्यात लाडकी सोय. विट्याहून एका गुरुजींचा फोन आला होता, पडदा काळा झालाय म्हणून. फोनवरच टाइमशिफ्ट करवून घेतलं. वीस मिनिटं. पूर्वी त्यांना एसटीने मशीन घेऊन यावं लागलं असतं.

विश्वासाचीही एकदा परीक्षा झाली. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि १७.३ च्या डाउनलोडचा दुवा मागचं दार असलेल्या, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल अशा, बनावट फाइलकडे वळवला. लफेव्रने लगेच ते उघडपणे सांगितलं, कुठली फाइल, कुठल्या दिवशीची, कशी ओळखायची. एवढंसं पथक, लोकांच्या देणग्यांवर चालणारं. देणगीचा हिशेबही ते दर महिन्याला मांडतात. लपवलं असतं तर मी तेव्हाच सोडलं असतं. त्या दिवसापासून फाइल उतरवली की चेकसम, म्हणजे फाइल खरी आहे का ते दाखवणारा आकडा, जुळवल्याशिवाय मी पेनड्राइव्ह बनवत नाही, आणि तुम्हीही बनवू नका.

वरून आदेश काढून लिनक्स रुजतं का, असंही प्रश्नात पुढे विचारलं आहे. क्वचित. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, पण माझ्या दुकानात ते घेऊन कुणी आलेलं नाही. म्युनिक शहराच्या पालिकेने हजारो मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. केरळात मात्र शाळांमधून ते टिकलं. तिथल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने, आता ज्याला काइट म्हणतात, नुसती सीडी वाटली नाही, शिक्षकांना शिकवून तयार केलं. म्हणजे फोन घेणारा माणूस प्रत्येक शाळेत बसवला. मला वाटतं फरक तिथेच पडला.

पुढची कुठली? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर माझं काम भागेल. पण वारं दुसरीकडून येताना दिसतंय. व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमचा कॉम्प्युटर, जो लिनक्सवरच चालतो. आता दुकानात कॉलेजची पोरं येतात ती मला शिकवतात. माझा भाचा त्यातलाच. त्याच्या स्वतःच्या मशीनवर दर महिन्याला वेगळी डिस्ट्रो असते, कधी आर्च, कधी फेडोरा, कधी जिचं नाव मला उच्चारता येत नाही अशी. दिवाळीत त्याला विचारलं, आईच्या लॅपटॉपवर काय टाकलंस रे?

"मिंट," म्हणाला. "तिचे फोन मला लेक्चर चालू असताना येतात, मामा."